उपरोक्त भुताच्या संदर्भात

१ फेब्रुवारी, रविवार

आजपासून रोजनिशी. निवृत्त माणसाने डोकं चालतं ठेवावं.

ही काल मुलीकडे गेली. हवापालट. किती दिवस ते ठरलेलं नाही. ही माझ्याशिवाय आठवड्यावर कुठे राहिलेली नाही, म्हणून विचारलं नाही. मोठी बॅग नेली. शिवणयंत्रही नेलं. जावयाने जिन्यावरून उतरवलं, मी बॅटरी धरून उभा होतो. मशीनच्या तेलाची बाटली मात्र खिडकीतच विसरली आहे. म्हणजे येणार. मशीन तेलाशिवाय चालत नाही आणि ही मशीनशिवाय.

भांडण वगैरे काही नाही. आमच्यात भांडण होतच नाही. भांडायला दोघांनी बोलावं लागतं.

संकल्प: लवकर उठणे. फिरायला जाणे. स्वयंपाक शिकणे.

२ फेब्रुवारी

उशिरा उठलो. बाहेर गार होतं. अंडं उकडलं, फुटलं.

३ फेब्रुवारी

चहा सवयीने दोन कप झाला. दोन्ही प्यायलो.

लिहायला काही नाही, म्हणून मागच्या आठवड्यातली नोंद करून ठेवतो. हिने लग्नाआधी एका सिनेमात काम केलं होतं. ‘बारा नंबरचं कुलूप’. एका लॉजमधल्या भुताचा सिनेमा. तेव्हाही कुणी पाहिला नव्हता. आता कुणा हौशी माणसाने तो कुठल्याशा गोदामातून उकरून इंटरनेटवर टाकला आणि मुलीने तो शोधला. हिने मुलगी-जावयाला आणि वरच्या मास्तरांना सपत्नीक बोलावलं. खुर्च्या मांडल्या. माझी मधोमध. सिनेमा सुरू झाला आणि तेवढ्यात गच्चीवर टाकीचा फ्लोट वाजायला लागला. पाणीपुरवठा खात्यात आयुष्य काढलेल्या माणसाला तो आवाज ऐकवत नाही. वर गेलो. वॉशर गेलं होतं. ते बदललं, मग म्हटलं आलोच आहे तर नळीही साफ करू. खाली आलो तर पडद्यावर ‘समाप्त’. सगळे टाळ्या वाजवत होते. मीही वाजवल्या. हिने माझ्याकडे पाहिलं. माझे हात काळे झाले होते, म्हणून असेल.

तर सिनेमा मी पाहिलाच. सुरुवात आणि शेवट.

हिने त्यात भुताचं काम केलं आहे. लग्न ठरवताना मध्यस्थी करणाऱ्या मामांनी स्वच्छ सांगितलं होतं, मुलगी भुताच्या सिनेमात होती बरं का. मी मोठ्या मनाने म्हणालो होतो, माझी हरकत नाही. या मोठेपणाचा मी नंतर कधी उल्लेखही केला नाही. सिनेमाचाच केला नाही.

५ फेब्रुवारी

आज त्या सिनेमाखाली लोकांनी लिहिलेली मतं वाचली. दहापैकी दोन पूर्णांक तीन. काही नमुने:

‘भुताच्या मनगटावर घड्याळ आहे. वेळेवर येतं, एवढंच कौतुक.’

‘वटवाघूळ दोऱ्याला बांधलंय. दोऱ्याने जीव ओतून काम केलंय.’

‘मध्येच झोप लागली. जाग आली तेव्हा भूतही आडवं झालं होतं.’

‘भुतापेक्षा लॉजमधला सोफा भयानक.’

‘भुताच्या हाताला केस आहेत.’

वाचून काही वाटलं नाही. मला सहसा वाटत नाही. पण एक गोष्ट लक्षात आली: या सगळ्या तक्रारी आहेत, आणि एकालाही उत्तर गेलेलं नाही.

मी तक्रार निवारण कक्षात होतो. माझ्या टेबलावरून एकही तक्रार उत्तराशिवाय गेली नाही. पाणी येत नाही, गढूळ येतं, बिल येतं पण पाणी येत नाही, सगळ्यांना उत्तर. जागेवर जाऊन पाहणं हे कनिष्ठांचं काम. गेलं की माणूस विचलित होतो. लोक पुढे चहा ठेवतात, ओल आलेली भिंत दाखवतात, एखादी बाई रडते. फाइल पुरते.

संकल्प: महिनाअखेरपर्यंत सर्व मतांना उत्तरं देऊन सिनेमा आठवर नेणे. ही परत येईल तेव्हा दाखवीन. खूश होईल. कदाचित ऐकून लवकरच येईल.

६ फेब्रुवारी

उत्तरं सुरू. नमुना:

‘उपरोक्त भुताच्या संदर्भात कळविण्यात येते की, मनगटावरील घड्याळ हे काळाचे प्रतीक असून ते हेतुपुरस्सर आहे. सबब तक्रार निकाली काढण्यात येत आहे. कळावे.’

केसांच्या बाबतीत: ‘तत्कालीन प्रकाशयोजनेमुळे तसा भास होतो.’ हे मी खात्रीने लिहू शकतो. हिच्या हाताला केस नाहीत. असते तर लक्षात आले असते.

हात जुन्या वेगाने चालतो आहे. जेवायचं राहिलं.

७ फेब्रुवारी

घर शांत आहे. एक बरं, हिचं ते वाक्य ऐकावं लागत नाही. हिच्याकडे काहीही मागा, पेपर, चष्मा, दुसरा कप, मान थोडी कलती करून, कुणी परकी बाई बोलावी तसं म्हणणार, ‘ती खोली आम्ही देत नाही.’ आणि मग माझ्या तोंडाकडे बघत थांबणार. कशासाठी, देव जाणे. मी ‘बरं’ म्हणायचो. मग द्यायची. लग्नापासून हेच. सुरुवातीला हसायची तरी. पुढे नुसती थांबायची. अलीकडे अलीकडे थांबतही नव्हती, म्हणायची आणि लगेच देऊन टाकायची.

माणसाला एकेक सवय असते. मी कधी हरकत घेतली नाही.

८ फेब्रुवारी, रविवार

आज सिनेमा नीट पाहायचं ठरवलं. लावला. पहिल्याच दृश्यात गाडी एका झाडाजवळून गेली. मग पुन्हा त्याच झाडाजवळून गेली. तिसऱ्यांदा गेली तेव्हा मला झोप लागली. म्हणजे वातावरणनिर्मिती चांगली आहे. तसं उत्तरात लिहिलं.

११ फेब्रुवारी

डावा हात सकाळी बधिर असतो. डॉक्टरांकडे गेलो. हृदय असेल, अशी तयारी ठेवली होती. तपासून म्हणाले, हात अंगाखाली येतोय, तुम्ही एका कुशीवर आणि अगदी कडेला झोपता का? हो म्हणालो. पलंग लहान आहे का? म्हटलं नाही, मोठा आहे. मग अंग पसरून झोपा की, एकटेच आहात ना सध्या? म्हटलं, सध्या.

पसरून झोपून पाहिलं. झोप आली नाही. पुन्हा कडेला गेलो.

१३ फेब्रुवारी

एक वेगळंच मत आलं आहे. ‘काउंटरवर बसलेली ती मुलगी कोण? एकच प्रसंग आहे, पण सगळ्या सिनेमात तीच एक खरी वाटते. तिच्यासाठी मी तो तुकडा पुन्हा पुन्हा पाहिला.’

लोकांचं लक्ष कुठे जाईल सांगता येत नाही. भूत जीव तोडून काम करतंय आणि हे गृहस्थ काउंटर बघत बसलेत. कडक उत्तर दिलं:

‘सदर व्यक्ती दुय्यम असून तिच्याविषयी कोणतीही माहिती उपलब्ध नाही. कृपया भुताकडे लक्ष द्यावे. कळावे.’

मत मला उपयोगाचं नाही, अशीही खूण करून ठेवली.

१५ फेब्रुवारी, रविवार

मुलीचा फोन. म्हणाली, बाबा, त्या सिनेमाखाली उपरोक्त-उपरोक्त करणारे तुम्हीच ना? मी म्हटलं, ओळखलंस! म्हणाली, आख्ख्या जगात सिनेमाला सबब कोण म्हणणार दुसरं? मग विचारलं, पण बाबा, तुम्ही पाहिलाय का तो? म्हटलं, सुरुवात आणि शेवट. आणि मधलं? म्हटलं, मधलं सगळ्या सिनेमांत सारखंच असतं. 

आईने वाचलं का, विचारलं. म्हणाली, वाचलं. काउंटरवरच्या मुलीबद्दल लिहिलंत तेही वाचलं. काय म्हणाली? म्हणाली, हसली.

हसली! योजना लागू पडते आहे. हिला फोनवर बोलावलं तर मशीनवर बसली आहे असं कळलं. मागे आवाज येत होता.

१६ फेब्रुवारी

प्रगती मंद. दोन पूर्णांक चार. एका माणसाने उत्तरं देऊन आकडा हलत नाही. माणसं वाढवली पाहिजेत.

दुपारपर्यंत पाच खाती उघडली: ‘एक गृहिणी’, ‘तरुण पिढी’, ‘सेवानिवृत्त रसिक’, ‘रात्रपाळीची नर्स’ आणि ‘परदेशस्थ’. प्रत्येकाच्या तोंडी वेगळी भाषा घातली. गृहिणी लिहिते: ‘उपरोक्त चित्रपट स्वयंपाक आटोपून पाहण्यात आला.’ तरुण पिढी लिहिते: ‘उपरोक्त सिनेमा एकदम भारी असल्याचे निदर्शनास आले. कळावे, यार.’

सगळ्यांनी दहापैकी दहा दिले आणि भुताच्या डोळ्यांची स्तुती केली. मुखवट्यातून डोळेच तेवढे दिसतात असं एका तक्रारीत होतं. त्यावरून पुढचं मी रचलं. हिचे डोळे मोठे आहेत. तपकिरी. की काळे. मोठे आहेत.

१८ फेब्रुवारी

यश! पाहणाऱ्यांची संख्या भलतीच वाढली. सकाळपासून नवी मतं येत आहेत आणि सगळी माझ्या शैलीत. ‘उपरोक्त वटवाघळाच्या संदर्भात, दोरा तुटल्याचे कळवण्यास खेद होतो.’ ‘सदर भूत दाराला धडकले असून दाराची भरपाई मिळावी.’ एकाने लिहिलं, ‘तरुण पिढीचं वय काय हो, अठ्ठ्याहत्तर?’

मी एक शैली निर्माण केली आहे. आकडा एक पूर्णांक सहावर आला आहे, पण लाट येण्याआधी पाणी मागे जातंच.

वरचे मास्तर जिन्यात भेटले. म्हणाले, काय साहेब, भूत काय म्हणतंय? म्हटलं, उत्तम. म्हणाले, आणि वहिनी? म्हटलं, भूत म्हणजे त्याच. ते माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, तुम्ही त्या दिवशी नेमके टाकीवर होतात नाही का. म्हटलं, कुणीतरी असावं लागतं. मास्तर आयुष्यभर गणित शिकवत होते. त्यांना पाण्याचं महत्त्व कळत नाही.

१९ फेब्रुवारी

काही नाही.

२० फेब्रुवारी

काही नाही. टॉवेल संपले. धुवायचे असतात असं दिसतं.

२१ फेब्रुवारी

तेलाच्या बाटलीवर धूळ बसली होती. पुसली. लेबल खिडकीच्या बाहेरच्या बाजूला होतं, ते आत वळवलं.

२३ फेब्रुवारी

मोठी बातमी. या शहरात सिनेमावेड्या मुलांचं एक मंडळ आहे. ते शनिवारी वाचनालयाच्या सभागृहात ‘बारा नंबरचं कुलूप’ दाखवणार आहेत. ‘वाईट सिनेमांची संध्याकाळ’ असं कार्यक्रमाचं नाव आहे, पण ती तरुणांची तिरकस भाषा. मला भाषणाचं आमंत्रण! त्यांच्यातल्या एका मुलीचा फोन आला होता. म्हणाली, उपरोक्त काका, तुम्ही यायलाच पाहिजे, आम्ही सगळे तुमचे फॅन आहोत. मागे कुणीतरी फिदीफिदी हसत होतं. आनंद म्हटला की हसू येतंच.

मी अट घातली: पहिल्या रांगेत माझ्या पत्नीसाठी एक खुर्ची राखीव. ती कोण आहे हे आधी सांगायचं नाही. मी भाषणात जाहीर करीन, ती उठून उभी राहील, टाळ्या होतील आणि आम्ही तिथून थेट घरी येऊ.

मुलीला फोन करून सांगितलं, आईला घेऊन ये. म्हणाली, विचारते. म्हटलं, विचारू नकोस, घेऊन ये. म्हणाली, बाबा, आईला आता विचारावं लागतं.

२५ फेब्रुवारी

भाषण लिहिलं. दोन्ही चादरी बदलल्या. हिची उशी झटकली. त्यातून एक पिन निघाली, केसांची. परत ठेवली.

२७ फेब्रुवारी

उद्या. सदरा इस्त्री करताना एक बाही जळली. वर कोट घालीन.

संकल्प: भाषण संपल्यावर पहिल्या रांगेत हिच्या शेजारी बसून सिनेमा पूर्ण पाहणे.

२८ फेब्रुवारी, शनिवार

कार्यक्रम झाला.

सभागृह भरलं होतं. बऱ्याच मुलांनी अंगावर पांढऱ्या चादरी घेतल्या होत्या. पहिल्या रांगेत ‘राखीव’ असा कागद लावलेली खुर्ची. ती रिकामी होती. शेजारी एक उंच म्हातारे गृहस्थ बसले होते. म्हटलं ही वाटेत असेल. सुरुवात केली.

‘उपरोक्त’ म्हणताच टाळ्या. मग मी भुतावर बोललो. ती संथ चाल, ते मुखवट्यातून बोलणारे डोळे, तो दारावर टेकलेला नाजूक हात. सगळं मनापासून बोललो. बोलता बोलता मलाच ते दिसायला लागलं. शेवटी म्हणालो, हे भूत गेली अनेक वर्षं माझ्या घरात राहतं, माझ्यासाठी चहा करतं. ते भूत म्हणजे माझी पत्नी.

मग पहिल्या रांगेतले ते उंच गृहस्थ खुर्चीला धरून उठले आणि अतिशय नम्रपणे म्हणाले, साहेब, माफ करा, पण ते भूत मी होतो. आणि बाही वर करून घड्याळ दाखवलं. म्हणाले, हेच. अजून चालतं.

हशा एवढा झाला की माइक शिट्टी मारायला लागला. मीही हसलो. असं वाटतं की हसलो.

गृहस्थ चांगले आहेत. तेव्हा सेटवर विजेचं काम करायचे. भुताचं काम करणारी बाई आलीच नाही, म्हणून उंच आहेस तर तू हो म्हणाले. मला बाजूला घेऊन त्यांनी विचारलं, तुमच्या मिसेस त्या काउंटरवरच्या का हो? एका फटक्यात दिला होता त्यांनी तो शॉट. दिग्दर्शक म्हणाला होता, बाकी सगळं फेकून हिचाच सिनेमा केला असता तर बरं झालं असतं.

मी म्हटलं, हो, तीच.

दिवे मालवले, सिनेमा सुरू झाला. खुर्ची रिकामीच होती. मी निघालो. पाणी यायची वेळ झाली होती.

१ मार्च, रविवार

मुलीचा फोन. म्हणाली, आई आली होती. म्हटलं, कुठे? खुर्ची तर रिकामी होती. म्हणाली, पुढे नाही बसली. मागे दाराशी उभी होती. भाषण ऐकलं तिने. सगळं. मग सिनेमा संपेपर्यंत थांबली. काउंटरचा प्रसंग आला तेव्हा टाळ्या पडल्या, बाबा. खऱ्या. त्या म्हाताऱ्या आजोबांनी तिला ओळखलं, पुढे नेलं. मुलांनी तिच्याबरोबर फोटो काढले. तुम्हाला शोधत होते सगळे.

म्हटलं, टाकी भरायची होती.

म्हणाली, हो, आईही तेच म्हणाली.

२ मार्च

सकाळी सिनेमा लावला. खुर्चीत बसलो. टाकी वाजत होती. वाजू दिली.

गाडी झाडाजवळून तीनदा गेली. प्रवासी लॉजमध्ये आला. काउंटरवर एक मुलगी काहीतरी लिहीत होती. केसांत पिन. मी ओळखलं नाही. प्रवाशाने बारा नंबरची खोली मागितली. तिने मान वर केली, थोडी कलती केली, आणि म्हणाली, ‘ती खोली आम्ही देत नाही.’

आणि त्याच्या तोंडाकडे बघत थांबली.

प्रवासी म्हणाला, ‘मग तिथे दिवा कसा लागलाय?’

तेव्हा ती हसली. कुणाला कळेल न कळेल इतकं. मग तिने किल्ली दिली.

पुन्हा लावलं. पुन्हा लावलं. डोळे तपकिरीच आहेत.

मग बाकीचा सिनेमाही पाहिला. वाईट आहे.

सर्व खाती बंद केली. काउंटरवरच्या मुलीबद्दल विचारणाऱ्या त्या गृहस्थांना स्वतःच्या नावाने उत्तर लिहायला घेतलं. ‘उपरोक्त’ खोडलं. पुढे काही सुचलं नाही.

४ मार्च

फोन केला. आज हिनेच उचलला. मागे मशीनची करकर नव्हती. मशीन थांबवून आली असावी.

कसे आहात, विचारलं. म्हटलं, बरा आहे. कधी येतेस, विचारलं. वाटलं होतं की आता म्हणेल ते वाक्य. माझी तयारी होती. सकाळपासून मोठ्याने म्हणून पाहत होतो.

म्हणाली, बघू.

तरी मी म्हणून टाकलं. मग तिथे दिवा कसा लागलाय?

फोन कट झाला असं वाटून मी हॅलो म्हणालो. म्हणाली, आहे. मग विचारलं, पाहिलात? म्हटलं, हो. पूर्ण? म्हटलं, पूर्ण.

म्हणाली, ‘बरं.’

मग नेहमीच्या आवाजात म्हणाली, अहो, मशीनचं तेल तिथेच राहिलंय बघा, खिडकीत. इथे मशीन फार करकरतं. जावई उद्या तिकडून जाणार आहे, त्याच्याकडे देऊन ठेवाल?

देतो म्हणालो.

बाटली कागदात गुंडाळून दाराशी ठेवली आहे. बांधण्याआधी उजेडात धरून पाहिली. जवळजवळ भरलेली आहे.